कडा साफ

१२ जानेवारी

डॉक्टरच्या टेबलावर काच होती, म्हणून मूठ आवरली. नाहीतर आज काही खरं नव्हतं.

बाबांच्या उजव्या हाताला, कोपराच्या खाली आतल्या बाजूला जी गाठ आहे, ती कॅन्सरची निघाली. सुई घालून तुकडा काढला होता, त्याचं उत्तर आज आलं. वाळवी लागलेल्या चौकटीकडे सुतार बघतो तसं त्या डॉक्टरने हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "कोपराच्या वरून काढून टाकू. विषय संपला."

विषय. ज्या हाताने माझ्या बापाने जन्मभर व्हायोलिनं उघडली, मिटवली, मोडलेल्या माना जोडून दिल्या, तो हात म्हणजे याचा विषय. या माणसाचं नाव मी कुऱ्हाड ठेवलंय.

बाबांनी काय केलं? बाही खाली केली, बटण लावलं. घरी आल्यावर सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवलं आणि पुढच्या खोलीत कामाला बसले. जनावरांची कातडी उकळून केलेला हा सरस आमच्या घरात माणसांच्या आधीपासून राहतो. शाळेत पोरं मला सरस्या म्हणायची, कारण कपड्यांना तोच वास. मी एकदा बाबांना बाजारातला नवा, पक्का डिंक आणून दिला होता. त्यांनी तो खुर्चीचा पाय चिकटवायला वापरला. वाद्याला नाही. का, ते सांगितलंही होतं, पण तेव्हा मी भांडत होतो, त्यामुळे ऐकलं नाही.

मी म्हणालो, आमची लॅब ज्या इस्पितळात आहे, तिथे वरच्या मजल्यावर मोठे सर्जन आहेत, त्यांना दाखवू. बाबांनी मान वर न करता विचारलं, "बाटल्या धुतोस, ती लॅब तुझी कधीपासून झाली?"

कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी असंच बोलतात, कामापुरतं आणि टाचणीसारखं. कॉलेज का सोडलं ते इथे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. तिथे शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमची प्रॅक्टिकल घ्यायला जी मुलगी यायची, ती संशोधनासाठी या लॅबमध्ये निघून गेली, आणि त्याच महिन्यात मी सोडलं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. लॅबला बाटल्या धुवायला माणूस हवाय हे मला योगायोगाने कळलं.

१५ जानेवारी

शेवटी आईने मध्ये पडून बाबांना वरच्या सर्जनकडे आणलं. हा माणूस हळू बोलतो. हळू बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो, पण याने निदान हाताकडे हातासारखं बघितलं. बोटं एकेक करून मिटायला लावली, उघडायला लावली. काय काम करता विचारलं.

म्हणाला, गाठ आणि तिच्याभोवतीचं थोडं चांगलं मांस असं एकत्र काढू. मग तो काढलेला गोळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतील. "कडा साफ आल्या तर हात राहील. नाही आल्या, तर मग मात्र हातावर पाणी सोडावं लागेल."

त्याच्या लक्षात आलं नसावं तो काय बोलला. बाबांच्या आलं. ते हसले. कॅन्सर कळल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि ते एका परक्या माणसाच्या शब्दावर. मी तीन दिवस घरात विनोद करतोय, तर भिंतीला ऐकवल्यासारखं.

कडा साफ. जिना उतरताना आई हे दोन शब्द पुटपुटत होती.

१८ जानेवारी

आईने शेजारणीला सांगितलं, "हा जेल बघायला थांबला होता, म्हणून उशीर झाला." शेजारीण दोन पावलं मागे सरकली. आता जिन्यात भेटली की पिशवी छातीशी धरते. घ्या.

जेल म्हणजे पोस्टकार्डाएवढा, पातळ, लिबलिबीत, काचेसारखा पारदर्शक तुकडा. ती रोज तसले करते. ती म्हणजे निळी, तीच प्रॅक्टिकलवाली. रंगाच्या ट्रेमध्ये काम करून तिच्या बोटांची टोकं निळी झालेली असतात, हातमोजे घातले तरी. वहीत मी तिला निळी म्हणतो. तोंडावर मॅडम म्हणावं लागतं, याचा मला मनस्वी राग आहे. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, एवढंच.

आज तिने मला समोर बसवून सगळं समजावलं. बाबांचं कळल्यापासून ती माझ्याशी जास्त बोलते. माणसाला जवळचं माणूस बरोबर ओळखू येतं.

तर, जेलमध्ये ती जिलेटिन मिसळते. जिलेटिन म्हणजे कोण? आमचा सरसच, फक्त शाळेत गेलेला. गाठीच्या तुकड्याचा अर्क त्या जेलच्या एका कडेला भरायचा, वीज लावून आत ओढायचा आणि जेल रात्रभर उबेला ठेवायचं. अर्कात जर प्रथिनं कापणारं एन्झाइम असेल, तर ते बसल्या जागी जिलेटिन खातं. सकाळी वरून निळा रंग ओतायचा. रंग जिलेटिनला धरतो, म्हणून सगळं जेल निळंशार होतं. जिथे खाल्लं गेलं, तिथे मात्र धरायला काही उरलेलं नसतं. तिथे पांढरा पट्टा. ट्रे उचलून ती म्हणते, "हे बघ, इथे साफ." म्हणजे इथे चोर जेवून गेला.

हा चोर करतो काय, तेही विचारलं. ती म्हणाली, पेशींच्या भोवती प्रथिनांचं विणलेलं कुंपण असतं. गाठ जागच्या जागी राहिली तर कापून टाकता येते. पण ती या एन्झाइमच्या कात्र्या चालवून कुंपण उसवते, वाट काढते, रक्ताच्या नळीत शिरते आणि दुसऱ्या गावी जाऊन संसार थाटते. कुंपणात वाढीचे निरोप अडकवून ठेवलेले असतात, तेही सुटतात आणि गाठीला आयतं खतपाणी मिळतं. वर कहर असा की पुष्कळदा कात्र्या गाठीच्या स्वतःच्या नसतातच. आजूबाजूच्या भल्या पेशींना फितवून ती त्यांच्याकडून चालवून घेते.

घरभेदी. मला हे ऐकून असा संताप आला की हातातला फ्लास्क नळावर आपटला. ती काचा गोळा करायला बसली, आणि माझं बोट कापू नये म्हणून मला बाजूला केलं.

एक लिहायचं राहिलं. हातमोजे घालण्याआधी ती बोटातली अंगठी काढून एका काचेच्या बशीत ठेवते. आईची असावी. ती बशी मी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू धुतो.

२२ जानेवारी

आज सरळ विचारलं तिला. कात्री माहीत आहे, चोर माहीत आहे, मग कात्री बोथट करणारं औषध का देत नाही? कोणाची वाट बघताय?

ती म्हणाली, दिलं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी मोठ्या आशेने दिलं. लोकांचे खांदे आखडले, सांधे दुखायला लागले, हात वर होईनात, आणि कॅन्सरने दाद दिली नाही. कारण याच कात्र्या शरीराला रोज लागतात. जखम भरताना जुनं उसवावं लागतं, तेव्हा नवं विणता येतं. सगळ्या कात्र्या बंद केल्या तर गाठीसोबत माणूसही अडकतो. आता कुठली कात्री कधी कोणाच्या हातात असते, तेच शोधायचं काम चाललंय.

"मग हे शरीर आहे कोणाच्या बाजूने?" मी विचारलं.

"शरीर बाजू घेत नाही रे," ती म्हणाली.

हे मला पटलं नाही. बाजू न घेणाऱ्यांनीच जगाचं वाटोळं केलंय. मी तसं बोललोही असतो, पण तिचा फोन वाजला आणि ती बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली. रोज जेवणाच्या वेळी वाजतो. घरचा फोन, म्हणते. भाऊ असणार. इतकं हसून हसून बोलते त्याच्याशी, मान भिंतीला टेकवून. असा भाऊ प्रत्येकीला मिळो.

२९ जानेवारी

ऑपरेशन झालं. हात आहे. बँडेजच्या टोकाला बोटं दिसतात, सुजलेली, पण आहेत.

वरून नमुन्याची बर्फाची पेटी खाली आणायला नेहमीचा माणूस नव्हता. मला पाठवलं. पेटी हातात देताना नर्स म्हणाली, "हाताची केस, सांभाळून." आज हाताची केस एकच होती. बाबांनी संशोधनासाठी तुकडा द्यायला सही केली होती, ती मीच करायला लावली होती.

दोन छोट्या नळ्या. एक गाठीच्या मधली. दुसरी कडेची.

माझ्या बापाची कड हातात धरून मी दोन जिने उतरलो. पेटी निळीला दिली. कोणाची, ते तिला सांगायचं नसतं, तसा नियम आहे. मी सांगितलं नाही. पण माझं तोंड बघून तिने विचारलं, "बाबा बरे आहेत ना?" मी हो म्हणालो आणि बाटल्या धुवायला गेलो. नळ पूर्ण सोडला, म्हणजे आवाज झाकला जातो.

३१ जानेवारी

ती जेवायला गेली होती. परवाच्या दोन नळ्यांचा ट्रे तिच्या टेबलावर उघडा होता.

मी बघितलं.

गाठीच्या रांगेत पांढरे पट्टे, ते असणारच. पण कडेच्या रांगेतसुद्धा एक पट्टा. जाड. पांढराफटक. खिडकीतून उजेड यावा तसा. इथे साफ. चोर इथेही जेवून गेला.

म्हणजे गाठ कुंपणाबाहेर गेलीय. म्हणजे सर्जनने कापलं ते कमी कापलं. हात वाचवला म्हणून टाळ्या घेतल्या, आणि आत काय ठेवून शिवलं ते माझ्या बापाच्या रक्तातून फिरणार.

निळीला विचारता येत नाही. ट्रे बघितला हे कळेल. विचारायचं तरी काय, मला वाचता येतं ना. तिनेच शिकवलंय.

२ फेब्रुवारी

बाबा काल घरी आले. आज बाबांना सांगितलं.

मला वाटलं होतं, म्हणतील, गप बस, तुला काय कळतं. तसं नाही झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जेल म्हणजे काय, सरस कसा खाल्ला जातो, पट्टा कसा दिसतो. सरस म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले, दमट खोलीत ठेवलेल्या व्हायोलिनला बुरशी धरते, ती लाकूड सोडते आणि सांध्यातला सरस खाते. बाहेरून वाद्य धड दिसतं, तारा चढवल्या की उकलतं. असंच ना? मी म्हटलं, असंच.

मग बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, कोणी विसरून गेलेल्या वस्तूकडे बघावं तसे.

"तू तिथे काम करतोस," ते म्हणाले. "तुला दिसलं, म्हणजे असेल."

किती वर्षांनी या माणसाने माझं काही ऐकलं. मला रडायला आलं, म्हणून मी आईवर ओरडलो की चहा अजून का नाही.

८ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. सर्जनच्या हाताखालचा एक गुळगुळीत डॉक्टर वाचून दाखवत होता. "अभिनंदन. कडा साफ."

कडा साफ. तोंड वर करून सांगतो. आमच्या घराची एकाच शब्दावर फसवणूक. वरच्या मजल्यावर साफ म्हणजे सुटलात. खालच्या मजल्यावर साफ म्हणजे खाल्लं. मी त्याला तेच म्हणालो. मग आवाज चढला. मी म्हणालो, मी स्वतः बघितलंय कडेचं जेल, तुम्ही कमी कापलंय आणि आता झाकताय. सगळा वॉर्ड गोळा झाला. सर्जन आला. तो त्याच त्याच्या हळू आवाजात म्हणाला, "कुठलं जेल? कोणी दाखवलं तुम्हाला?"

उलट मलाच प्रश्न विचारत होता.

बाबा खुर्चीवरून उठले, डाव्या हाताने माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं. आता विकिरण उपचार सुरू करू म्हणून मागून कोणीतरी सांगत होतं. बाबा थांबले नाहीत. जिन्यात एवढंच म्हणाले, "आपण त्या पहिल्या डॉक्टरकडे जाऊ."

संध्याकाळी कुऱ्हाडीला फोन झाला. त्याला नवे कागदही नको होते. मी तर आधीच सांगितलं होतं, म्हणाला. परवा सकाळी या.

जिंकल्यासारखं वाटायला हवं. मी उठून सरसाच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

९ फेब्रुवारी

बाबांनी आज लोकांना बोलावून त्यांची त्यांची वाद्यं परत केली. अर्धी झालेली, न झालेली. एका म्हाताऱ्या वादकाने विचारलं, कधी आणू परत? बाबा म्हणाले, "दुसरीकडे बघा." आई दारात उभी राहून प्रत्येकाला पेटी उचलून देत होती. भिंतीवरच्या खुंट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मला पुढच्या खोलीत बसवेना, मी लॅबमध्ये निघून गेलो. माझा हक्काचा राग तिथे आहे.

तिथे वेगळंच चाललं होतं. लॅबच्या मोठ्या सरांनी, ज्यांना आम्ही पाठीमागे थंडपेटी म्हणतो, निळीला आत बोलावलं होतं. वरून तक्रार आली होती. रुग्णाच्या घरच्यांना संशोधनाचं जेल दिसलंच कसं? दार बंद होतं, पण थंडपेटीचा आवाज दारातून येतो. ती म्हणाली, ट्रे मी उघडा ठेवला होता, चूक माझी. माझं नाव तिने घेतलं नाही. एकदाही नाही.

असं कोण कोणासाठी करतं? मला माहीत आहे कोण करतं. एवढ्या वाईट दिवसांत ही एक गोष्ट माझ्या वाट्याला आली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. मी पुढे झालो. आता मॅडम म्हणणार नव्हतो. पण तिने मला बोलूच दिलं नाही. टेबलाशी नेलं, जेलचा फोटो समोर ठेवला आणि म्हणाली, "काय वाचलंस यात, सांग."

मी सांगितलं. कडेला साफ आहे, म्हणजे चोर कडेला आहे.

"चोर नाही. कात्री. कात्री दिसते यात. कोणाच्या हातातली, ते जेल सांगत नाही. ऑपरेशनच्या आधी तिथे सुई घातली होती ना? ती जखम भरत होती. जखम भरायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि हीच कात्री घेऊन येतात. कडेला कॅन्सरची पेशी आहे की नाही, ते वरच्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, काप करकरून बघितलंय. नाहीये. तुला मी सांगितलं होतं की भल्या पेशीही कात्री चालवतात."

सांगितलं होतं. या वहीत, मागे, माझ्याच अक्षरात आहे. मी त्याच्यापुढे घरभेदी लिहून फ्लास्क फोडला होता.

"हा नमुना बाबांचा आहे, हे मला वरून तक्रार आल्यावर कळलं," ती म्हणाली. "आधी विचारलं असतंस तर एका मिनिटात सांगितलं असतं. बाबांना काही बोलला नाहीस ना?"

मी घड्याळाकडे बघितलं. का, ते कळलं नाही. कुऱ्हाड उद्या सकाळची होती, घाई नव्हती. तरी मी पळालो. एप्रन अंगात होता, तसाच रस्त्याने पळालो, लोक बाजूला होत होते, कुठे आग लागलीय असं त्यांना वाटलं असेल. मला त्या वेळी प्रत्येकाला मारावंसं वाटत होतं. सिग्नलला, बसला, त्या शब्दाला. सापडत होतो एकटा मीच.

९ फेब्रुवारी, पुढे

घरी बाबा बाकावर बसले होते. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. खुंटीवर एकही वाद्य नव्हतं. टेबलावर फक्त एक, पोट उघडलेलं. त्याचा मालक गावाला गेलाय, परत न्यायला कोणी आलं नाही.

मी उभ्यानेच बोललो. पट्टा कोणाचा होता, सुई, जखम, पांढऱ्या पेशी. श्वास लागला होता. अर्धं उलटसुलट झालं असेल.

बाबा म्हणाले, "म्हणजे तू सांगितलंस ते खोटं होतं."

"खोटं नव्हतं. चूक होतं."

"आणि आता सांगतोयस ते?"

इथे माझ्या जिभेवर आलं होतं की हे खरं आहे, शंभर टक्के, माझं ऐका. जन्मभर तेच म्हणत आलोय. पण ते भरलेली पिशवी घेऊन बसले होते. त्यांना माझं ऐकायची सवय लागली होती, एका आठवड्यात.

"माझं ऐकू नका," मी म्हणालो. "वर चला. त्यांच्या तोंडून ऐका. मी बोलणार नाही तिथे."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. बाबा म्हणाले, आवाज न चढवता, आणि तेच जास्त लागलं, "तुझ्या शब्दावर हात देत होतो मी."

मला वाटलं ते मारतील. बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हाताने चप्पल सरळ केली आणि पायात घातली.

सर्जनने कापांचे फोटो दाखवले. सगळ्या बाजूंनी चांगल्या मांसाची पट्टी, मध्ये गाठ, सीमा सोडून कुठे गेलेली नाही. मी शब्द दिल्याप्रमाणे तोंड मिटून उभा होतो. निघताना बाबा सर्जनला म्हणाले, "पोराचं मनावर घेऊ नका. स्वभाव माझ्यावर गेलाय."

त्यांचा स्वभाव असा आहे? मला माहीत नव्हतं. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलेलं नाही.

कुऱ्हाडीला फोन मी केला. नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पस्तावाल. पूर्वी मी फोन भिंतीवर फेकला असता. आज ठेवून दिला.

१३ फेब्रुवारी

कामावरून काढलं. योग्यच केलं, असं लिहायला माझा हात होत नाही, पण थंडपेटीला शिव्या द्यायलाही होत नाही. त्यांच्याकडे मी स्वतः गेलो होतो. ट्रे मॅडमनी उघडा ठेवला असेल, डोळे माझे होते, एवढं सांगून आलो.

एप्रन द्यायला गेलो तेव्हा ती टेबलाशी होती. मी सगळं पाठ करून गेलो होतो. तू माझ्यासाठी खोटं बोललीस, तर त्याचा अर्थ मला कळलाय, असं सुरुवातीला होतं. पुढचं जास्त चांगलं होतं.

तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, "तुझे बाबा आजारी होते, म्हणून केलं. दुसरं काही नाही त्यात. आणि असतं तरी उपयोग नव्हता. माझं लग्न ठरलंय."

बशीतली अंगठी तिने उचलून बोटात घातली. आईची नव्हती तर. भाऊही भाऊ नव्हता. रोज जेवणाच्या वेळी वाजणारा तो फोन आठवून कानशिलं तापली. आणि मी ती बशी हळू धुवायचो.

साफ नाही म्हणाली. हा शब्द आता हात धुऊन माझ्या मागे लागलाय.

दारातून ती म्हणाली, "कॉलेज पूर्ण कर रे. तुला कळतं. फक्त तू शेवटपर्यंत ऐकत नाहीस." मी म्हटलं, "बरं, मॅडम." त्या शब्दाचा राग अजून आहे.

१९ फेब्रुवारी

बाबांनी शिक्षा दिली ती अशी: परत केलेलं प्रत्येक वाद्य मी घरोघरी जाऊन माघारी आणायचं. काय सांगू, विचारलं. म्हणाले, "सांग, वडिलांना हात आहे."

आठवडाभर तेच चाललंय. लोक दार उघडतात, मी उभा. काहींनी दुसरीकडे दिलं होतं, तिथून सोडवून आणलं. एक बाई म्हणाली, तुमच्याकडे देतात काय, परत घेतात काय, घर आहे की पोरखेळ. मी बोललो काहीतरी. मग जिना उतरून पुन्हा वर गेलो आणि नीट मागितलं. म्हाताऱ्या वादकाने पेटी दिली, वर मला पाणीही दिलं, याचाच जास्त राग आला.

विकिरण सुरू झालंय. बाबांचा हात आहे, पण अंगठ्याला पकड नाही. येईल, म्हणतात. किती, ते कोणी सांगत नाही.

२ मार्च

पोट उघडलेलं ते व्हायोलिन आज मी मिटवलं. म्हणजे बाबा बाकावर बसून सांगत होते आणि हात माझे. सरस चटका बसेल इतका गरम, भरभर लावायचा, वरची फळी ठेवायची, ती दाबून धरणारे शिकंजे आवळायचे. पहिल्यांदा फळी केसभर सरकली. मी म्हटलं, गेलं, आता वाळलं की संपलं. आणि सुरी टेबलावर आपटली.

बाबांनी ती माझ्याकडे सरकवली. म्हणाले, कोमट पाण्यात बुडव, फटीत घाल, उघडेल. तुझ्या त्या पक्क्या डिंकाने लावलं असतं, तर आता लाकूड फोडावं लागलं असतं. "जो सांधा उघडत नाही, तो दुरुस्त होत नाही." हेच त्यांनी तेव्हाही सांगितलं होतं. मी भांडत होतो.

सुरी फिरवली. सांधा सुटला, कुरकुर करत, पण लाकडाला ओरखडा न उठता. पुन्हा लावला. या वेळी फळी बसली. बाबांनी दुखऱ्या हाताचं बोट पुढे करून सबंध कडेवरून फिरवलं. कड संपेपर्यंत त्यांनी ते उचललं नाही.

मला वाटलं, आता म्हणतील, बरं जमलं. दाबलेल्या फटीतून सरस बाहेर आला होता, मधासारखा. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बघत काय बसलास? कडा साफ कर. वाळल्यावर खरवडावं लागतं."

मी ओलं फडकं घेतलं.